बॅक्युलाच्या कॉन्फिगमध्ये शेल स्क्रिप्ट : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बॅकअपसाठी बॅक्युला हे सॉफ्टवेअर वापरतो. बॅकअपच्या आधी पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची फाइल) निघावा म्हणून बॅकअपच्या जॉबमध्ये 'रन बिफोर जॉब' खाली पूर्ण कमांडच लिहिली आहे: डंप काढणारा पीजी-डंप, मग त्याचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारं पाइपचं चिन्ह, मग फाइल लहान करणारा जीझिप. कॉन्फिगची तपासणी बिनतक्रार पास होते, पण जॉब चालला की पीजी-डंप 'टू मेनी आर्ग्युमेंट्स' म्हणून ओरडतो आणि पाइपच्या चिन्हाकडे बोट दाखवतो. बॅक्युला कमांड शेलमधून चालवत नाही, त्यामुळे पाइपचा अर्थ लावायला कुणी नसतं, हे कळल्यावर सगळं 'बॅश -सी'मध्ये गुंडाळलं, म्हणजे बॅश हा शेलच ती कमांड चालवेल.

आता फाइल बनते, पण नावात वर्ष-महिना बरोबर आणि तारखेच्या जागी चक्क डीमनचं (बॅक्युलाच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव! तारखेसाठी लिहिलेला टक्का-डी हा बॅक्युलाचा स्वतःचाही कोड आहे, म्हणून टक्का डबल केला. तेवढं सुटलं.

खरी अडचण पुढे आहे. डंप फेल झाला तरी जॉब हिरवाच दिसतो, कारण एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडा) शेवटच्या जीझिपचा जातो. पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी फेल धरणारा बॅशचा 'पाइपफेल' पर्याय आत घालायचा, तर कोट्स आणि बॅकस्लॅशचा असा गुंता होतो की सहा महिन्यांनी कुणालाच वाचता येणार नाही.

तुम्ही हे कॉन्फिगमध्येच ठेवता की वेगळ्या स्क्रिप्टमध्ये? वेगळी ठेवल्यास अनेक क्लायंट्सवर (ज्यांचा बॅकअप घ्यायचा त्या मशीन्सवर) ती एकसारखी कशी ठेवता?