मदत हवी आहे: शनिवारी चेस्टर, आई-बाबांसोबत तटाची पूर्ण फेरी

निळी_छत्री
येत्या शनिवारी इंग्लंडमधल्या चेस्टरला जातोय. शहराभोवतीच्या जुन्या तटाची पूर्ण फेरी, कॅथीड्रल, रोमन अँफिथिएटर आणि ग्रोव्हनर म्युझियम, सगळं चार तासांत बसवायचं आहे. सोबत आई-बाबा. फेरी कुठून सुरू करू आणि कुठल्या दिशेने? तिकिटं आज रात्रीच काढायची आहेत. नुसत्या लिंका नकोत, वाचून झाल्या आहेत.

मर्सीकाठ
निघणार कुठून? लंडनच्या युस्टन स्टेशनहून थेट गाडी साधारण दोन तासांत पोचते, मँचेस्टर एअरपोर्टहूनही थेट गाड्या आहेत, लिव्हरपूलचा हिशेब निराळा. ते कळल्याशिवाय तिकिटाचं कुणी काय सांगणार?

गडवाट
ईस्टगेटच्या घड्याळाशी (1899 चं आहे) पायऱ्या चढा आणि उत्तरेकडे निघा. डाव्या हाताला कॅथीड्रल दिसत राहतं, पुढे ईशान्येच्या कोपऱ्यावर किंग चार्ल्स टॉवर. 1645 मध्ये राउटन मूरच्या लढाईत आपल्या फौजेची पळापळ राजाने या बुरुजावरून पाहिली असं सांगतात. तिथून पश्चिमेला वळून नॉर्थगेट, वॉटर टॉवर, मग रेसकोर्सच्या कडेने दक्षिणेला, किल्ला, ब्रिजगेट, नदीकाठच्या विशिंग स्टेप्स, न्यूगेट आणि परत घड्याळ. सगळी मिळून तीन किलोमीटर, रमतगमत दीड तास.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ईस्टगेट आणि न्यूगेटमधला तटाचा काही भाग 2020 च्या जानेवारीत कोसळला, त्यामुळे त्या टप्प्यात खाली उतरून वळसा पडू शकतो. आणि तुम्ही चालता ती फांजी, म्हणजे तटावरची वाट, रोमन नाही. वरचं बहुतेक काम मध्ययुगीन आणि नंतरच्या डागडुजीचं आहे. रोमन बांधकाम बघायचं तर किंग चार्ल्स टॉवर ते नॉर्थगेट या टप्प्यात कालव्याच्या काठी उतरा आणि मान वर करा. खालच्या थरात मोठाले घडीव चिरे दिसतात, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले. त्यांच्या वरचा दगड लहान आणि ओबडधोबड. जोड कुठे आहे ते नजरेनेच कळतं. फांजीवरून यातलं काहीच दिसत नाही, आणि बहुतेक लोक नेमकं हेच न बघता परततात.

उत्तरायण
चेस्टरच का? रोमन बघायचं तर यॉर्क. रोमन मल्टँग्युलर टॉवर जमिनीवर उभा आहे, मिन्स्टरच्या, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलच्या, तळघरात रोमन छावणीचे अवशेष जागच्या जागी आहेत, कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून 306 मध्ये तिथेच पुकारलं. तटबंदीही चेस्टरपेक्षा लांब.

गडवाट
लांब आहे, पण मध्ये तुटते, रस्त्यावर उतरावं लागतं. चेस्टरचा वेढा जवळपास अखंड आहे. आणि प्रश्न यॉर्कचा नाही.

निळी_छत्री
लिव्हरपूलहून. लाइम स्ट्रीटजवळ उतरलो आहोत. यॉर्क नको.

मर्सीकाठ
मग मर्सीरेल, इथली लोकल. लाइम स्ट्रीटच्या जमिनीखालच्या फलाटावरून विरल लाइन पकडा, पाऊण तासात चेस्टर. शनिवारी दिवसा दर पंधरा मिनिटांनी गाडी असते, आगाऊ तिकिटाची धावपळ करू नका. फक्त सेव्हअवे हा पास घेऊ नका. तो मर्सीसाइडपुरताच चालतो आणि चेस्टर त्या हद्दीबाहेर आहे. मर्सीरेलचा डे सेव्हर किंवा साधं रिटर्न घ्या. स्टेशनातून सिटी रोड, कालव्यावरचा पूल, मग फोरगेट स्ट्रीट. पंधरा मिनिटांत ईस्टगेट, रस्ता सपाट.

चारचाकी
गाडीने येणार असाल तर शहरात शिरू नका. पार्क अँड राइडच्या (गाडी बाहेर लावून बसने शहरात) चार जागा आहेत: बॉटन हीथ, सीलंड रोड, रेक्सम रोड आणि अप्टन. अप्टन झूच्या बाजूला आहे. झूसाठी अख्खा दिवस ठेवा, शहरासोबत एकाच दिवशी होत नाही.

सुमेधा_र
आई-बाबांना पायऱ्या चढता येतात का? हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं.

निळी_छत्री
आईला येतात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, घडीची व्हीलचेअर सोबत असते. पाच-सहा पायऱ्या कशाबशा चढतात. पण फेरी करायचीच असं त्यांनीच सांगितलं आहे.

सुमेधा_र
मग पूर्ण फेरी होणार नाही हो. घड्याळाशी जिना, नॉर्थगेटशी जिना, विशिंग स्टेप्स तर नावातच आलं. त्यांना तटाचा अनुभव हवा असेल तर नन्स रोड. तिथे तट रस्त्याच्याच पातळीवर येतो, चेअर नेता येते आणि रूडी रेसकोर्स समोर खाली पसरलेलं दिसतं. द रोझ म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या त्या दुकानांच्या ओसऱ्या, तिथे रस्त्यावरून चढलात तर पायऱ्याच. ग्रोव्हनर शॉपिंग सेंटरमधून आत गेलात तर ईस्टगेटच्या रोझवर सरळ निघता येतं. अँफिथिएटरसाठी उतरायची गरज नाही, कठड्यापाशी उभं राहून सगळं दिसतं. 1929 मध्ये सापडलं. अर्धंच उघडं आहे, उरलेलं डी हाउसच्या बाजूला जमिनीखाली.

गडवाट
शेजारच्या रोमन गार्डन्समधले खांब मूळ जागेवरचे नाहीत, 1949 मध्ये इकडून तिकडून आणून मांडले आहेत. मूळ जागेवरचं हवं तर न्यूगेटला लागून रोमन छावणीच्या आग्नेय बुरुजाचा पाया आहे. तोही रस्त्यावरून दिसतो.

मर्सीकाठ
शनिवारी रूडीवर रेस आहे का बघितलंत? असेल तर नन्स रोडला माणसांची भिंत असते आणि शेवटच्या शर्यतीनंतर स्टेशनवर चेअर घेऊन उभं राहणंसुद्धा कठीण.

निळी_छत्री
आत्ता बघितलं. आहे.

उत्तरायण
म्हणूनच यॉर्क म्हणत होतो.

सुमेधा_र
लिव्हरपूलहून यॉर्क म्हणजे जाऊन-येऊन चार तासांहून जास्त. चेअरसकट कशाला?

रविवारी ढकलता आलं तर उत्तम, मात्र कॅथीड्रलमध्ये सकाळी प्रार्थना असतात, आतून फिरणं दुपारनंतर ठेवा. शनिवारच हवा असेल तर सकाळी लवकर निघा. पहिल्यांदा नन्स रोड, गर्दी जमायच्या आत. मग अँफिथिएटर, मग म्युझियम. म्युझियममध्ये रोमन थडग्यांचे दगड बघा, त्यातले बरेचसे उत्तरेच्या तटातच बांधकामाचा दगड म्हणून चिणलेले सापडले. शेवटी कॅथीड्रल. तिथे आईला तुमच्यासोबत तटावर पाठवा: घड्याळाशी चढा, किंग चार्ल्स टॉवरला वळा, नॉर्थगेटशी उतरा. सावकाश वीस-पंचवीस मिनिटं. कोपऱ्यावर खालच्या काठावर उतरून ते चिरे बघितलेत तर पंधरा मिनिटं आणखी.

तेवढ्या वेळात बाबांनी कॅथीड्रलच्या क्वायरमधली (गायकवृंदाच्या जागेतली) लाकडी आसनं बघावीत, 1380 च्या आसपासची आहेत. एका आसनाच्या टोकाला पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती कोरला आहे. कोरणाऱ्याने हत्ती पाहिलेला नसावा, पाय घोड्याचे आहेत. मठाच्या जुन्या भोजनगृहात कॅफे आहे, तिथे भेटा.

निळी_छत्री
म्हणजे तिघं मिळून फेरी नाहीच. बाबांना नन्स रोडचं सांगतो. एकच सांगा, नन्स रोडपासून अँफिथिएटरपर्यंत चेअर कुठल्या रस्त्याने? नकाशावर चढ कळत नाही.

सुमेधा_र
ग्रोव्हनर स्ट्रीटने वर या. म्युझियम वाटेतच लागेल, तेव्हा ते आधी उरका. पुढे ब्रिज स्ट्रीट ओलांडून पेपर स्ट्रीट, ती थेट न्यूगेटशी नेते. नदीकाठाने जाऊ नका, ब्रिजगेटहून वर यायचा चढ चेअर ढकलणाऱ्याचा दम काढतो.