वाटीखाली बोटभर जागेत कळ, इंजेक्शन घेऊ का?

पेडण्याचा स्मॅशर:
वय 24, उंची 6 फूट. चवथीनंतर मैदान सुकलं तसा दीड महिना रोज व्हॉलीबॉल. आता डाव्या गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला कळ येते, बोट ठेवून दाखवता येईल एवढीच जागा. पहिली दहा मिनिटं दुखतं, अंग तापलं की विसरतो, सकाळी पायऱ्या उतरताना परत. महिनाभर बसून राहिलो, दुखणं गेलं. परवा उतरलो तर पहिल्याच सेटला हजर! एका दवाखान्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घे म्हणतात. घेऊ? आणि एमआरआय?

म्हापशेकर फिजिओ:
प्रत्यक्ष तपासणी करून घेच, पण वाचून तरी जंपर्स नी, म्हणजे उड्या मारणाऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं वाटतंय. दुखतो तो वाटीपासून नडगीच्या हाडाला जाणारा टेंडन, म्हणजे दोरीसारखा चिवट पट्टा. 25 अंशांच्या उतरत्या फळीवर, टाच वर ठेवून, त्या एका पायावर हळू खाली बस. कळ त्याच बिंदूत आली तर संशय पक्का. वाटीभोवती पसरली तर दुखणं वेगळं.

एमआरआयची घाई नको, काही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या टेंडनमध्येही बदल दिसतात. इंजेक्शनने थोडे आठवडे बरं वाटतं, पुढे बरेचदा जास्त महागात पडतं. आणि बसून राहिलास त्यात टेंडनची उरलीसुरली ताकदही गेली. त्याला भार हवा. जिममधल्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर (बसून पायाने वजन उचलायचं ते) पाय मध्येच रोखून 45 सेकंद, असं 5 वेळा, मध्ये 2 मिनिटं दम. मग जड वजन सावकाश, एक दिवसाआड. 10 पैकी 3 पर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको. निदान 12 आठवडे धर. उड्या सगळ्यात शेवटी.

सत्तरीचा जुना नेटमन:
मी घेतलं होतं ते इंजेक्शन. दोन स्पर्धा मजेत, तिसरीला लंगडत घरी. फळी विकत घेऊ नकोस. फूटभर लांबीची फळी एका टोकाला 5 इंच उचल, झाले 25 अंश. मी खाली चिऱ्याचा तुकडा लावला होता.

पेडण्याचा स्मॅशर:
केलं. बरोब्बर त्याच बिंदूत! पण रविवारच्या स्पर्धेची फी भरून बसलोय.

म्हापशेकर फिजिओ:
लिबेरो हो, मागे राहून नुसता बचाव करणारा. स्मॅशच नाही, म्हणजे उड्याही कमी.

पेडण्याचा स्मॅशर:
6 फुटी लिबेरो! वाड्यावरची पोरं वर्षभर सोडायची नाहीत.