वावरात दगडांचा गोल हाये, सोमवारी जेसीबी येते. काय करू?

संत्रावाला_काटोल:
नमस्कार मंडळी. काटोल तालुक्यात साडेचार एकर वावर हाये आमचं. वरच्या अंगाला मुरमाड पट्टा, तिथं मोठ्या काळ्या दगडांचा गोल हाये. आरपार पंधरा पावलं भरला. काही दगड माझ्या मांडीपर्यंत येतात, मधात गोट्या-मुरमाचा उंचवटा. आजा म्हणे गवळी राजाचं गोठण व्हतं ते. पोळ्याले बैल त्याच्याभवती फिरवून आणायचा. बाबा मात्र वखराची पास तिथंच मोडते म्हणून शिव्या द्यायचे. एकदा बाबांनी मधात खांब गाडाले खड्डा केला तर मुरमाखाली काळीभोर, चिकट माती निघाली. आमच्या वावरात कुठंच काळी नाही!

आता तिथं संत्र्याची कलमं लावायची हायेत. नागपूरले शिकणाऱ्या पुतण्यानं मोबाईलवर इंग्लंडातला उभ्या दगडांचा गोल, स्टोनहेंज, दाखवलं न म्हणे, काका, ही वेधशाळा असंल. मले हसू आलं. जेसीबीले दोन हजार इसार देऊन बसलो. पण डोक्यातून जात नाही. पेरणी-निंदण सोडून एवढाले गोटे कोण कायले वाहून आणंल?

जुने_मास्तर (हिंगणा):
आधी जेसीबीवाल्याला फोन करा, बाकीचं मग वाचा.

ते गोठण नाही, बहुतेक कोणाची तरी मूठमाती आहे. नागपूरच्या भोवती असे गोल शेकड्यांनी आहेत, तुमच्याच काटोल रोडवरच्या जुनापाणीला तीनशेच्या घरात. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांतले काही उकरले आणि 1879 मध्ये त्यावर निबंध छापला. पुढे माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर खोदलं. माणसांची हाडं निघाली, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, आणि घोडेसुद्धा! घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी, तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. काळ साधारण इ.स.पू. 1000 ते 300.

म्हणजे पुतण्याचं स्टोनहेंज वेगळं. ते नवाश्मयुगातलं, म्हणजे घासलेल्या दगडी हत्यारांच्या काळातलं. चर आणि मातीचा बांध इ.स.पू. 3000 च्या सुमाराचा, मोठे दगड 2500 च्या आसपासचे. आपल्याकडचे गोल लोखंड गाळणाऱ्यांचे, स्टोनहेंजहून दीड-दोन हजार वर्षांनी धाकटे.

तुमच्या काळ्या मातीचं मात्र वाचून उठून बसलो. इथल्या काही वर्तुळांत मधे बाहेरून आणलेली काळी माती भरलेली मिळते.

संत्रावाला_काटोल:
मास्तर, फोन केला. त्यानं इसार परत द्यायचं नाव काढलं नाही.

आज पुन्हा जाऊन पाह्यलं. दोन दगडांवर ओळीनं खड्डे हायेत, पायलीच्या नाही, मीठ-वाटीच्या मापाचे. लहानपणी आम्ही त्यात चिंचोके टाकून खेळायचो. बाकी दगड कोरे. हे आपोआप पडत नाहीत ना?

जुने_मास्तर (हिंगणा):
नाही, कोरलेले आहेत. जुनापाणीलाही आहेत. ज्यांनी मोजणी केली त्यांचं म्हणणं, खड्ड्यांचे दगड गोलात कुठेही नाहीत, ठरावीक दिशांनाच येतात. म्हणून पुतण्याला एकदम वेड्यात काढू नका. स्टोनहेंजचा अक्ष उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि उलट बाजूने हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे आहे. पण त्याच जागी जाळलेल्या माणसांची हाडंही पुरलेली आहेत. मसण की वेधशाळा, हा प्रश्नच आपण उगाच दोन खुंट्यांना बांधतो. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजमध्येही तसंच: आत अस्थी, आणि डिसेंबरात सर्वांत लहान दिवसाच्या आगेमागे सकाळचं ऊन दारावरच्या झरोक्यातून थेट गाभाऱ्यापर्यंत जातं.

भामरागडची_बाई:
मी इकडे आश्रमशाळेत शिकवते. इथले माडिया आदिवासी आजही मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. रस्त्याच्या कडेला असे दगड पाहिलेत मी, काही नवे, काही शेवाळलेले. मी एका पोराला विचारलं, हा दगड कशासाठी? तो म्हणाला, माझ्या आजोबाचा आहे. 'कशासाठी' ला त्याच्याकडे वेगळं उत्तर नव्हतं. दगड वाहायला पाच-पन्नास माणसं जमली की जेवण होतं, भांडणं मिटतात, सोयरिकी ठरतात. तुमच्या गोलाभोवतीही एवढी गर्दी झाली असेल, नाही तर काळी माती कोणी डोक्यावरून आणली?

संत्रावाला_काटोल:
बाई, माती कोणी आणली ते रात्रभर घोळलं डोक्यात. आमच्या वावरापासून काळी जमीन पल्ल्याड हाये, नाल्याच्या त्या बाजूनं. टोपल्यानं आणायची म्हटलं तर किती खेपा होतील, हिशेबच लागत नाही.

तलाठ्याकडं विचारलं तर तो म्हणे सातबाऱ्यावर दगडाची नोंद नसते. बरं. गोल सोडून कलमं लावतो, बारा झाडं कमी बसतील. बायको म्हणे, तिथं आधीच कोणी झोपलं हाये, त्याच्यावर संत्री कशी खायची आपण.

पुतण्या 22 डिसेंबरले पहाटे सूर्य पाहाले येतो म्हणते. मी त्याच्यापुरता चहा घेऊन जाईन, याच्यापलीकडं काही कबूल केलं नाही.