टेक्सासचे मतदारसंघ: माणसं मोजायची की मतदार?

मूळ धागा
टेक्सासच्या विधानसभेत १५० जागा आहेत. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,९१,४५,५०५ भरली, म्हणजे एका जागेमागे साधारण १,९४,३०० माणसं. यात मुलं आली, नागरिक नसलेलेही आले. हे जिथे जास्त, तिथे कमी मतदारांना एक आमदार मिळतो. मतदारसंघ पात्र मतदारांवरून आखावेत, असं मागणाऱ्या एव्हनवेल खटल्यात तेच पुढे आलं: राज्याच्या सिनेटच्या (वरच्या सभागृहाच्या) मतदारसंघांत लोकसंख्येचा फरक ८ टक्क्यांच्या आसपास, पात्र मतदारांचा ४० टक्क्यांवर. १८ वर्षांवरील नागरिकांचा आकडा काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मिळतो. तोच पाया धरावा.

प्रतिसाद १
मिळतो, पण तो मोजलेला नाही. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्व विचारलंच नव्हतं. हा आकडा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना खात्याच्या नमुना पाहणीच्या पाच वर्षांच्या नमुन्यावरून काढलेला अंदाज आहे. हॅरिस काउंटीत ४७ लाख लोक, तिथे चूक पचते. लव्हिंग काउंटीत जनगणनेला ६४ माणसं भरली. तिथे नमुना कितीसा असणार? या आकड्यांच्या तक्त्यात १ ते ७ मधला कुठलाही आकडा ४ म्हणून छापतात, पुढचे ५ च्या पटीत. शिवाय तक्ता ब्लॉक-ग्रुपवर थांबतो, म्हणजे जनगणनेच्या सर्वांत लहान भागांच्या (ब्लॉकच्या) गटावर. मतदारसंघाची रेघ ब्लॉकच्या कडेने जाते, म्हणजे खालचे आकडे आपणच वाटून घ्यायचे. २०१६ मध्ये एव्हनवेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एकूण लोकसंख्या मान्य केली. पात्र मतदार धरता येतील का, हे तेव्हा ठरवलं नाही.

धागाकर्ता
लव्हिंगचा एकट्याचा मतदारसंघ कुठे होतो? अशा काउंट्या जोडल्याच जातात. आणि त्रुटी सरळ बेरजेने वाढत नाही. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं. ±३० त्रुटीचे चार आकडे जोडले तर ±६० येतात, ±१२० नव्हे. बेरीज मोठी होते तशी चूक तुलनेने लहान होत जाते.

प्रतिसाद २
गणित मान्य. पण हा आकडा म्हणजे पात्र मतदार नव्हेत. वॉकर काउंटीत हंट्सव्हिलचे तुरुंग आहेत. तिथले कैदी प्रौढ नागरिक म्हणून यात धरले जातात, पण गंभीर गुन्ह्याची शिक्षा, पॅरोलसकट, पुरी होईपर्यंत टेक्सासात मत देता येत नाही.

याच आकड्याने मतदार नोंदणीची टक्केवारी काढणाऱ्यांनीही जपावं. ती १०० च्या वर गेली की लगेच घोटाळा म्हणू नका. पत्ता बदललेला मतदार नोटिशीनंतरही दोन संघीय सार्वत्रिक निवडणुका होईपर्यंत यादीत राहू शकतो, आणि वाढत्या काउंटीत पाच वर्षांची सरासरी मागे पडते.

मूळ मुद्द्यालाही माझा विरोध आहे. कॉलिन आणि फोर्ट बेंड काउंट्यांमध्ये एच-१बी व्हिसावरची मराठी घरंही आहेत. घराचा कर तीही भरतात, मुलं तिथल्याच शाळेत जातात, आणि तिथे जन्मलेली मुलं तर नागरिकच आहेत, फक्त १८ ची झालेली नाहीत. शाळांच्या निधीचा कायदा करणारा आमदार त्यांचाही आहे.