मधल्या सुट्टीत पोरगा घरी पळून येतो, काय करावं?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमचं गाव. पोरगा नववीत. गणितात हुशार होता, या घटक चाचणीत २० पैकी ४. सर म्हणतात, वर्गात लक्षच नाही, मधल्या सुट्टीत दप्तर टाकून घरी पळतो. मागच्या हप्त्यात एकाला कंपास फेकून मारला.

घरात भांडणं होतात, खोटं कशाला बोलू. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, आमचं चार हजाराला गेलं. कृषी केंद्राची उधारी तशीच, तेव्हापासून कटकट. मारझोड नाही. पोरासमोर नको म्हणून आता आम्ही दोघं बोलतच नाही. "बाबाले सांग, जेवाले या" एवढंच, तेही पोराकडून. मग त्याचं असं कावून?

शिक्षक, वाशीम : ताई, अबोला म्हणजे भांडण मिटलं असं नाही. मिटलेलं पोराला दिसावं लागतं. ग्रिच आणि फिंचम या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच मांडलंय, पोर भांडणाचा काय अर्थ लावतं त्यावर बरंच ठरतं. आता काय होईल ही धास्ती, आणि हे माझ्यापायीच का, हा सल. भांडणात त्याच्या ट्यूशनचा विषय निघतो का? आणि निरोप्या करू नका त्याला.

अमरावतीकर : सर बरोबर आहेत, पण तो पोट्टा मी होतो. मास्तर म्हणत, उनाड आहे. मी माय घरी आहे का तेच पाहाले येत होतो. भांडणात ती एकदा म्हणे, "मी विहीर जवळ करीन." ती बोलून इसरली. चुलीपाशी दिसली की मी परत शाळेत. मंग कायचं गणित!

प्रश्नकर्ती : भाऊ, वाचून हात गार पडले. पोळ्याच्या आसपास मीही तेच म्हटलं होतं, रागात. तो ओसरीत गृहपाठ करत होता. ट्यूशनच्या पैशाचंही निघतं सर, दरवेळी.

शिक्षक, वाशीम : आजच त्याला जवळ बसवून सांगा, मी कुठं जात नाही. आणि मनात खरंच तसं येत असेल तर टेली-मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात. वर्गशिक्षकांनाही कानावर घाला, त्यांना तो आडदांडच वाटत असेल.

प्रश्नकर्ती : यांना सगळं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. रात्री मात्र निरोपाशिवाय जेवायला आले. पोरगा आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत बसला, धड जेवलाच नाही.