आत्याचं विमान आणि अमेरिकेचं शटडाउन

फॅमिली ग्रुप, शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

मंजूआत्या: निखिल, टीव्हीवर सांगतायत तिकडे सरकारचं बजेट अडकलंय म्हणून विमानं कमी केली. माझं १४ तारखेचं काय? बॅगा भरून झाल्यात.

निखिलदादा: आई, मुंबई-नेवार्कला धक्का नाही. परदेशी विमानं वगळलीत. पुढचं नेवार्कहून आमच्या रॅलेचं अडकू शकतं. आजपासून ४० मोठ्या विमानतळांवर ४ टक्के कपात, पुढच्या शुक्रवारी १० टक्क्यांवर नेणार म्हणतात.

मंजूआत्या: पण बजेटचा आणि विमानांचा काय संबंध?

निखिलदादा: विमानांना रस्ता दाखवणारे कंट्रोलर केंद्र सरकारचे नोकर. १ ऑक्टोबरपासून सरकारी खर्चाला मंजुरीच नाही. कामावर यायचं, पगार मागाहून. कोणी रजा टाकतं, कोणी ड्यूटी संपवून उबर चालवतं. टॉवरमध्ये माणसं कमी, म्हणून विमानं कमी.

सुहासकाका: थोडक्यात संप.

निखिलदादा: नाही मामा, उलट. हे काम करायला तयार आहेत, सरकारच पैसे देत नाही.

सुहासकाका: ३१ वर्षं ट्रेझरीत काढली, असला प्रकार नाही पाहिला. आपल्याकडे बजेट लांबलं की लेखानुदान घेतात. आणि लोकसभेने मागण्याच फेटाळल्या तर मंत्रिमंडळ घरी जातं, शिपायाचा पगार नाही थांबत.

निखिलदादा: इथे राष्ट्राध्यक्ष पडत नाही, त्यामुळे घाई कोणालाच नाही. काँग्रेसवाल्यांचा (इथल्या संसदेच्या हो!) पगार चालूच आहे. पूर्वी मंजुरी लांबली तरी खाती चालायची. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) सिव्हिलेटींनी १८८४ च्या कायद्यावर बोट ठेवलं, मंजुरी नाही तर काम बंद. तेव्हापासून हे सुरू.

सुहासकाका: म्हणजे दोष ट्रम्पचाच. २०१८ ला मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी बंद पाडायला अभिमान वाटेल असं स्वतःच म्हणाले होते. ३५ दिवस चाललं.

मी: तो विक्रम परवाच मोडला, आज ३८ वा दिवस. पण काका, खर्चाच्या मंजुरीला सिनेटमध्ये (वरच्या सभागृहात) ६० मतं लागतात, ट्रम्पचे रिपब्लिकन ५३च आहेत. डेमोक्रॅट म्हणतात, आरोग्य विम्याची वाढीव सवलत डिसेंबरात संपतेय ती आधी वाढवा. मागणी मला पटते. पण २०१३ ला रिपब्लिकनांनी ओबामाकेअरवरून (ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यावरून) असंच अडवलं तेव्हा आपण ह्याच ग्रुपवर त्यांना शिव्या घातल्या होत्या.

निखिलदादा: सत्ता कोणाकडे आहे ते बघ ना. घरबांधणी खात्याच्या सरकारी वेबसाइटवर ‘डाव्यांनी सरकार बंद पाडलं’ अशी पाटी लावली. विमानतळांवर दाखवायला तसाच व्हिडिओ पाठवला, तो काही विमानतळांनीच नाकारला.

मी: माझी नवी नोकरी ऑक्टोबरभर लटकली ती कोणाच्या नावावर मांडू? कामगार खात्यात एलसीएचं, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने करायच्या अर्जाचं, काम ठप्प. गेल्या शुक्रवारी सुरू झालं एकदाचं.

सुहासकाका: मागचे पगार तरी मिळतील?

निखिलदादा: कर्मचाऱ्यांना हो, २०१९ चा कायदा आहे, ट्रम्पच्याच सहीचा. कंत्राटी सफाईवाल्यांना त्यात काही नाही. आमची शेजारीण विमानतळावर बॅगा तपासते. काल मुलीचा डान्स क्लास बंद केला म्हणाली. चर्चमध्ये फुकट धान्य मिळतं तिथे युनिफॉर्मवरच रांगेत उभी होती.

मंजूआत्या: अगं बाई.

निखिलदादा: आई, रॅलेचं रद्द झालं तर नेवार्कजवळ एडिसनला शिंदेंकडे राहा, मी गाडी घेऊन येतो. आठ तास लागतील.

मंजूआत्या: येईन. त्या शेजारणीला डिंकाचे लाडू चालतील का? सुकामेव्याची ॲलर्जी नाही ना, ते विचारून ठेव.