मातीत जिवाणूचा डीएनए सापडला म्हणजे तो कामाला लागलाय असं समजायचं का?

तुरीचा_धनी: आमचं रान मानवतच्या अलीकडं, काळी माती, कापसात तूर. गेल्या साली एकानं मातीची डीएनए टेस्ट करून दिली, रिपोर्टात ब्रॅडीरायझोबियम निघालं, म्हणजे तुरीच्या मुळावर गाठी करणारा, मग म्हणे बियाण्याला जिवाणू खत लावायची गरजच नाही, रानात आहेच की. नाही लावलं. ऑगस्टात तूर उपटून बघतो तर पाच-सहा गाठी, नखानं फोडल्या तर आतून हिरवट-करड्या, गुलाबी, म्हणजे काम करणारी, एक बी नाही. माझ्या मते हे रिपोर्ट म्हणजे निव्वळ पंचांग.

लॅबवाली_बीड: पंचांग नका म्हणू दादा. रिपोर्ट खोटा नसंल, सांगणारा चुकला. अशा टेस्टमध्ये बहुतेक वेळा १६एस जीन वाचतात, म्हणजे जिवाणू कोणत्या कुळातला ते सांगणारा जीन, त्यावरून फक्त आडनाव कळतं. पाटील आडनावाचा प्रत्येक माणूस गावचा पाटील असतो का? गाठी करायला नॉड जीन लागतात, हवेतला नत्र धरायला निफ, आणि मातीत असे कितीतरी ब्रॅडीरायझोबियम आहेत ज्यांच्याकडं हे दोन्ही नाहीत.

गुरुजी_रिटायर्ड: त्यात मेलेले बी धरा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मातींवर अभ्यास झाला, सरासरी ४० टक्के डीएनए जिवंत पेशींच्या बाहेरचा निघाला. आणि आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती तर डीएनएला धरून ठेवते, लवकर कुजू देत नाही. मतदार यादीतल्या मयतांसारखं झालं हे, नाव आहे, माणूस नाही. मी तर म्हणतो लॅबमधल्या प्लेटवर जिवाणू वाढवून मोजा.

लॅबवाली_बीड: गुरुजी, मातीतले बहुतेक जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत, मग ते रानात नाहीतच म्हणायचं का? त्यापेक्षा डीएनएची यादी बरी, फक्त मयत वजा करून वाचायची.

पराटी: माझा वेगळाच प्रश्न. रानात क्राय१एसी, म्हणजे बोंडअळी मारणारा जीन सापडला तर तो बीटी कापसाचा का मातीतल्या मूळ जिवाणूचा? ज्या जिवाणूतून हा जीन कापसात घेतला तो काही २००२ ला बीटीबरोबर आला नाही, आधीपासूनच आहे.

लॅबवाली_बीड: तुकडा केवढा वाचलाय त्यावर आहे. कापसातल्या जीनची अक्षरं झाडाला मानवतील अशी बदललेली असतात आणि पुढं फुलकोबीच्या विषाणूतला ३५एस प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा तुकडा, जोडलेला असतो. दोन्ही सांध्यासकट एकाच तुकड्यात दिसले तर कापसाचाच. नुसता ३५एस दिसला तर कुणाच्या तरी कोबीवरचा विषाणू बी असू शकतो.

तुरीचा_धनी: हे सगळं खरं असंल ताई, पण पैसे घेताना हे कुणी सांगत नाही, तिथं तर रंगीत गोल चार्ट दाखवतात. मी उपटून बघितलं ते तरी डोळ्यांनी बघितलं ना?

लॅबवाली_बीड: बघितलं, पण त्याचा अर्थ बी लावावाच लागतो. युरिया किती टाकला होता? आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरत नाही.

तुरीचा_धनी: कापसाला टाकला होता. तुरीच्या तासात बी गेला असंल, गडी होते, मी कुठं उभा होतो.